निजगोटे

स्टिअरिंगवर मला झोप लागली हे खरं आहे. पण किती वेळ लागली तेही सांगायला हवं, कारण आमच्या गल्लीत गोष्ट दोन घरं ओलांडते तोवर तिला मीठमसाला लागलेला असतो. सव्वा सेकंद. सकाळी साडेआठला, सिग्नलवर, गाडी उभी असताना. मागं शाळेची एकतीस पोरं बसलेली होती आणि पुढं नुकताच हिरवा दिवा लागला होता. डॅशबोर्डवरच्या कॅमेऱ्यानं माझ्या पापण्या टिपल्या, गाडीनं स्वतःचा ब्रेक आवळला आणि सगळ्या पोरांसमोर खणखणीत आवाजात जाहीर केलं, "चालक झोपेत आहे."

२०३९ सालचा मार्च महिना होता तो. कोल्हापुरात चौदा वर्षं मी अकरा नंबरची शाळेची बस चालवत होते आणि गाडीवर एक ओरखडा नव्हता. त्या सव्वा सेकंदानं माझा परवाना लाल झाला.

"तरी मी म्हणत होतो, जरा झोपत जा," असं संपत म्हणाला. संपत म्हणजे माझा नवरा. स्वभावानं गरीब, पण सल्ला द्यायची वेळ त्याला कधीच साधत नाही. जसं काही झोप दारात येऊन उभी होती आणि मीच तिला परत पाठवत होते.

वय बावन्न. पाळी जाऊन वर्ष झालं होतं, आणि जाताना ती माझी झोपही घेऊन गेली होती. पोटातून एक आग उठायची, मानेवरून डोक्यात जायची, पाठ भिजायची, आणि पाचच मिनिटांत अंगावर काटा यायचा. असं रात्रीतून चार-पाच वेळा. जानेवारीत मी फुल पंखा लावायचे म्हणून संपत चादर घेऊन हॉलमध्ये मुक्कामाला गेला तो तिकडचाच झाला. दिवसा दोन फेऱ्यांच्या मधे मी गाडीत आडवी व्हायचे, सहा-सात कप चहा ढोसायचे, आणि रविवारी दहापर्यंत लोळायचे. आपण आपल्या परीनं झोप भरून काढतोय असं मला वाटायचं.

"भरून काढत नव्हता, घालवत होता," डॉक्टर शिरगावे म्हणाल्या.

त्या सरकारी दवाखान्यातल्या झोपेच्या विभागात होत्या. वयानं माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पण समजावून सांगण्याची हातोटी चांगली. त्यांनी सांगितलं ते असं. आपल्या मेंदूत तापमान सांभाळणारी एक जागा असते. अंग थोडं गरम-गार झालं तर ती तिकडं दुर्लक्ष करते. पाळी जाते तेव्हा शरीरातलं एक संप्रेरक कमी होतं आणि ही जागा एकदम हळवी होते. पाव अंशानं अंग तापलं तरी तिला वाटतं घराला आग लागली, आणि ती घामाचे सगळे नळ सोडते. त्यानं जाग येते. इथपर्यंत दोष शरीराचा. त्यासाठी त्यांनी मला गोळी दिली आणि त्या गोळीनं चार-पाच वेळांच्या दोन वेळा झाल्या.

"पण जाग आल्यावर पुन्हा झोप न लागणं, हे शरीराचं काम नाही. ती सवय आहे," त्या म्हणाल्या. "अंथरूण म्हणजे तळमळायची जागा, हे तुमच्या मेंदूनं वर्षभरात पाठ केलंय. ते पुसायला हवं. नुसतं सांगून ते पुसलं जात नाही. पंचवीस वर्षं डॉक्टर सांगतायत, बायका मान हलवतात आणि घरी जाऊन तेच करतात. हाताला शिकवलेलं मात्र माणूस विसरत नाही."

असं म्हणून त्यांनी टेबलावर एक डबी ठेवली. डबीत पाच करड्या, गुळगुळीत, अंगठ्याच्या पेराएवढ्या बिया होत्या.

"अगं बाई, गजगं!" मी ओरडलेच.

पुस्तकात त्यांना सागरगोटे म्हणतात. आमच्याकडं गजगे. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे, आणि वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन, असं वाढत जायचं. या बिया खऱ्या नव्हत्या, आत बारीक यंत्र होतं. सोबत एक चटई आणि मनगटाचा पट्टा होता. सगळ्याला मिळून नाव दिलं होतं निजगोटे.

खेळ वरवर पोरासोरांचा होता आणि आतून हेडमास्तराच्या वरताण. सकाळचा डाव पावणेसातला. चटईवर खरं ऊन पडल्याशिवाय ती चालूच व्हायची नाही, म्हणजे झक मारत गच्चीवर जायचं. सकाळच्या उजेडानं मेंदूतलं घड्याळ जागेवर येतं म्हणे. दुपारी डोळा लागला की पट्ट्याला कळायचं आणि संध्याकाळी एक गजगा कमी मिळायचा. चारनंतर चहा प्यायलं तरी एक कमी. अंथरुणात वीस मिनिटं तळमळत पडलं तर दुसऱ्या दिवशी दोन कमी. त्यापेक्षा उठून खुर्चीत बसलं, डोळे जड झाल्यावर परत गेलं, तर पाचच्या पाच. अंगात आग उठायच्या अर्धा मिनिट आधी कातडीत काही बदल होतो. तो पट्ट्याला समजला की हातातला गजगा किंचित कोमट व्हायचा. तेव्हा थांबायचं, लांब श्वास सोडायचा, आणि मग उचलायचं. आठ-दहा दिवसांत मला गजग्याच्या आधीच कळायला लागलं.

त्या कोमट गजग्यानं मला हसू यायचं. लहानपणी आम्ही गजगा शहाबादी फरशीवर खसाखसा घासायचो आणि शेजारणीच्या दंडाला टेकवायचो. चांगला चटका बसायचा. हेमाक्काचा चटका सगळ्यात कडक असायचा.

संध्याकाळचा डाव साडेसातला आणि तो जोडीनं. जोडीदारीण कुठं आहे, कोण आहे, हे कळायचं नाही. ती तिच्या चटईवर खेळायची तेव्हा तिच्या गजग्यांचा आवाज माझ्या चटईतून यायचा, जसाच्या तसा, डावा-उजवा हात कळावा इतका स्पष्ट. चाळीस हजार बायकांतून यंत्र जोडी निवडायचं, तीही हाताच्या ठेक्यावरून.

"ठेका जुळला की श्वास जुळतो, श्वास जुळला की मन निवतं," डॉक्टर म्हणाल्या. "बोलण्याची जशी बोली असते ना, तशी हाताचीपण असते."

जोडीदारणीला तीन शब्दांपर्यंत निरोप पाठवता यायचा. नाव, गाव, नंबर, दुखणंखुपणं यातलं काही लिहिलं की चटई अडवायची. ओळख द्यायची नाही हा नियम पक्का होता.

"का पण?" मी विचारलं.

"ओळखीच्या बायका भेटल्या की गजगे राहतात बाजूला आणि गप्पा सुरू होतात. मग झोप खेळानं आली की गप्पांनी, हे आम्हाला कसं कळणार? हे संशोधन आहे, उज्ज्वलाताई. ओळख फुटली की जोडी मोडते आणि दोघींचे दिवस शून्यावर."

छप्पन्न दिवस. सलग. पुरे झाले की जोडी आपोआप सुटणार होती आणि माझा परवाना हिरवा होणार होता. माझा छप्पन्नावा डाव अकरा जूनला येत होता. पंधरा जूनला शाळा उघडणार होती, आणि शाळेनं मला स्वच्छ सांगितलं होतं: त्या दिवशी परवाना हिरवा असेल तर अकरा नंबर तुमची, नसेल तर त्या मार्गावर बिनचालक बस येईल. एकदा ती आली की मला परत कोण बोलावतंय.

दुसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली. मी चटई उघडून बसले होते. जोडीदारणीचा निरोप आला: "आलो." लगेच चटई बंद पडली आणि अक्षरं उमटली: जोडीदाराची खातरजमा सुरू आहे, पुरुषी क्रियापद आढळले.

मी हसून हसून लोळायची राहिले. डॉक्टरांना फोन लावला. "अहो, त्या यंत्राला सांगा, ती बाईच हाय. आमच्यातली हाय. आम्ही असंच बोलतो."

"माहीतय हो, मीपण घरी 'आलो'च म्हणतो," डॉक्टर शिरगावे म्हणाल्या. "यंत्राला शिकवायचं राहिलंय."

इथं लिहिताना मी 'गेले', 'आले' लिहिते, कारण शाळेत बाईंनी त्यासाठी हातावर पट्ट्या मारल्यात. बोलताना कोल्हापूरकरीण 'आलो', 'गेलो'च म्हणते. तेव्हा जोडीदारीण आमच्याच भागातली, एवढं मला त्या दिवशी कळलं. कान आपोआप टवकारले गेले.

आणि मग ऐकू आलं. डाव सुरू करण्याआधी ती एक गजगा जमिनीवर आपटायची: टक टक, थोडं थांबून, टक. चौथ्या खेपेच्या आधी एक ठोका जास्त थांबायची. त्या थांबण्यात ती काय करते हे मला माहीत होतं. ती गजग्यावर फुंकर मारते. मी ते हजार वेळा बघितलं होतं, गुडघ्याला गुडघा लावून.

हेमाक्का.

आमचे वडील पाटबंधारे खात्यात होते. धरणाजवळ खात्याची वसाहत होती, अठरा घरं, मधे एक कट्टा आणि त्यावर शहाबादी फरशी. उन्हाळ्यात दुपारी मोठी माणसं झोपली की आम्ही पोरी कट्ट्यावर जमायचो. कालव्याच्या पाण्याचा गार वास यायचा. कैरीच्या फोडी, तिखटमीठ, आणि गजग्यांची टकटक. मी सहा वर्षांची, हेमाक्का आठ. मोठ्या पोरी मला खेळायला घेत नव्हत्या, तर हेमाक्का म्हणाली, "येऊ दे तिला. लिंबूटिंबू हाय ती." लिंबूटिंबू म्हणजे खेळात असून नसलेलं पोर. त्याचा गजगा पडला तरी कुणी आउट म्हणत नाही, घे परत म्हणतात. दोन वर्षं मी लिंबूटिंबू होते. मग एका दुपारी माझा गजगा पडला, मी सवयीनं उचलायला गेले, आणि हेमाक्कानं माझा हात धरला. "पडला म्हंजे पडला. उजी आता लिंबूटिंबू न्हाई." मी धावत घरी गेले आणि आईला झोपेतून उठवून सांगितलं, "आई, मी आउट झालो!" एवढा आनंद मला परवाना मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

आता वाईट भाग. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हेमाक्का बारावी झाली आणि नर्सिंगला पुण्याला जायचं तिचं ठरलं. त्या सुट्टीत ती कट्ट्यावर येईनाशी झाली. वर्गातल्या एका मुलाबरोबर ती कालव्यावरून फिरायची, हे मला एकटीला माहीत होतं. मी सोळा वर्षांची, आणि मला त्या मुलाचा राग राग यायचा, कारण त्यानं माझी हेमाक्का पळवली होती. एक दिवस तिच्या आईनं मला नळावर गाठलं. "उजे, हेमा त्या पोराबरोबर असती का गं? हो का न्हाई, येवढंच सांग."

मी हो म्हणाले.

नाही म्हणता आलं असतं. गप्प बसता आलं असतं. मी हो म्हणाले, आणि मनात म्हणाले, आता बसेल घरी. ती घरी बसली नाही. महिन्याभरात तिचं लग्न लावून तिला लांब मराठवाड्यात कुठंतरी देऊन टाकलं. नर्सिंग संपलं. सासरी आडनाव बदललं, रीतीप्रमाणं नावही बदललं, आणि ती कुठल्या नावानं कुठं आहे हे मला कुणी सांगितलं नाही. पुढं वसाहत पाडली, माणसं पांगली. मी फार शोधलं असं म्हणणार नाही. शोधून सापडली असती तर बोलणार काय?

आणि आता ती रोज साडेसातला माझ्यासमोर बसत होती, नाव नसलेली, चटईपलीकडं. मी ओळख दिली नाही. नियम होता हे खरं, पण नियमाच्या पदराआड लपायला मला बरंही वाटत होतं. ती "आलो" म्हणायची, मी "ये" म्हणायचे. ती फुंकरीसाठी थांबायची, तेव्हा मीही श्वास सोडायचे. चाळीस हजारांतून मी तिच्या वाट्याला आले ते योगायोगानं नव्हे; एकाच फरशीवर शिकलेले हात होते, यंत्रानं दुसरं काय निवडलं असतं? त्या महिन्यात मी जशी झोपले तशी लग्नाआधी झोपायचे. संपतनं हॉलमधून चादर परत आणली.

सहाव्या आठवड्यात पहिल्यांदा तिचा गजगा पडला.

आवाज मी स्पष्ट ऐकला, उजवीकडं, खट्. म्हटलं, डाव माझा. पण चटईवर तिचा गुण वाढला. दुसऱ्या दिवशी दोनदा पडला, दोन्हीदा गुण तिलाच. मग आणखी एक ऐकू यायला लागलं. उचलण्याआधी गजगा जमिनीवर थरथरायचा, टर्रर्र असा बारीक. उजव्या हातात, दर वेळी.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. माझ्या सासऱ्यांच्या हातातला कप बशीवर असाच वाजायचा. आम्ही दोन वर्षं म्हणत राहिलो, वय झालं, दमलेत. तो कंपवात होता. डॉक्टर म्हणाले होते, तेव्हाच आणलं असतं तर पुष्कळ वर्षं हातात राहिली असती.

मी दवाखाना गाठला. डॉक्टर शिरगावेंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"जोडीदारीण दमली की खेळ तिला सांभाळून घेतो," त्या म्हणाल्या. "हरून चिडली तर झोप उडेल ना. म्हणून पडलेला गजगा यंत्र मोजत नाही, आणि तिलाही ते कळू देत नाही. त्याला ते झोपेअभावी आलेलं अवघडलेपण वाटत असणार."

"मग तुम्ही कळवा की तिला."

"ती कोण आहे हे मलाच माहीत नाही. नावं कुलूपबंद आहेत, संशोधन संपेपर्यंत. दोन वर्षं. मी समितीला आजच लिहिते, पण त्यांची बैठक जुलैत." त्यांचा चेहरा उतरला होता. "तोवर तुमची जोडी सुटलेली असेल."

बाहेर येऊन मी पायरीवर बसले. म्हणजे यंत्रानं माझ्या हेमाक्काला लिंबूटिंबू केलं होतं. तिला न सांगता. आणि ती हेमाक्का आहे हे जगात मला एकटीलाच माहीत होतं.

एखादी चांगली बाई त्याच संध्याकाळी बोलली असती. मी आठ दिवस काढले. अकरा नंबर सुटेल या भीतीनं काढले, आणि हेमाक्का मला काय म्हणेल या भीतीनंही. रोज गजगा पडायचा, रोज तिला गुण मिळायचा, आणि रोज ती डावाच्या शेवटी लिहायची, "लई भारी झालं."

अकरा जून. छप्पन्नावा डाव. संपतनं सकाळीच पेढे आणून ठेवले होते. शाळेतून निरोप आला होता, गाडी धुऊन तयार आहे.

"आलो," तिचा निरोप आला.

टक टक, टक. एक खेप झाली, दोन झाल्या. तिसऱ्या खेपेला गजगा थरथरला. मग फुंकरीची ती थांबलेली जागा. आणि खट्. गजगा पडला, घरंगळत गेला, तो लांब जातानाचा आवाजही मला आला. चटईनं तिला गुण दिला.

उरली होती माझी एक खेप. ती संपली की वाट बंद.

मी गजगे खाली ठेवले आणि लिहिलं: "तू लिंबूटिंबू हाईस."

यंत्राला ते दुखणंखुपणं वाटलं नाही. त्याला बहुतेक पाककृती वाटली. शेजारी एक पिवळंधमक लिंबाचं चित्र डकवून त्यानं निरोप पुढं पाठवला.

मग अक्षरं आली: "कोण? उजी?"

त्यासरशी चटई थांबली. दिवे लाल झाले. नोंदणीतलं माझं नाव यंत्राला माहीत होतंच. शांत, गोड आवाजात ते म्हणालं, "जोडीदाराने घेतलेले नाव तुमचे आहे का? हो किंवा नाही निवडा. नाही निवडल्यास डाव पुढे सुरू राहील. हो निवडल्यास आजवरचे दिवस रद्द होतील आणि तुमची इच्छा असल्यास थेट बोलता येईल. साठ सेकंद."

हो का न्हाई, येवढंच सांग.

नळावरची ती सकाळ अशी डोळ्यासमोर आली की पाण्याचा आवाज ऐकू यावा. तेव्हाही एवढंच विचारलं होतं. दारात संपत पेढ्याचा पुडा हातात धरून उभा होता. त्याला सगळी हकीकत मी कालच सांगितली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही सल्ला दिला नाही.

मी हो दाबलं.

पंचावन्नाच्या जागी शून्य आलं. आता तिनंही बोलायला तयार व्हायला हवं होतं. नाही म्हणायचा तिला पुरता हक्क होता. दहा सेकंद गेले, वीस गेले.

"उजे."

आवाज जाड झाला होता, पण हाक तीच, 'जे' लांबवणारी. मला रडूच फुटलं.

"हेमाक्का, मी सांगितलं गं तुझ्या आईला. मीच सांगितलं."

"ठावं हाय मला. आईनं जाताना सांगितलं."

"मला माफ कर."

"छत्तीस वर्षं लागली तुला?" ती कडक आवाजात म्हणाली. चटका बसला, बसायलाच हवा होता. मग म्हणाली, "तू तरी पोरगीच हुतीस. पण मला लई राग हुता तुझा. अजून हाय थोडा. ते ऱ्हाऊ दे. लिंबूटिंबू का म्हणलीस ते सांग आधी."

मी सांगितलं. गजगे पडतात ते, यंत्र मोजत नाही ते, बशीवरच्या कपाचं, सगळं.

पलीकडं गजगे डबीत टाकल्याचा आवाज आला.

"मला वाटलं, मी चांगलं खेळाय लागलोय," हेमाक्का म्हणाली. "वाटलं, हात अजून तसाच हाय."



पंधरा जूनला अकरा नंबरची बस माझ्याशिवाय गेली. मी कोपऱ्यावर उभी होते. स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं आणि मागच्या काचेला नाकं लावून पोरं हात हलवत होती. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. खोटं कशाला बोलू? पण घरी येऊन दुपारी झोपले नाही, आणि रात्री वेळेवर झोपले. ते शून्य यंत्राच्या चटईवरचं होतं. हात काही शून्यावर गेले नव्हते.

हेमाक्काची तपासणी झाली. कंपवातच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. औषधं लागू पडली. तिकडं तिला सगळे वसुधा म्हणतात. दिवाळीनंतर ती लेकीबरोबर कोल्हापूरला आली, आणि दारात उभं राहून म्हणाली, "आलो गं."

गच्चीवर मी शहाबादी फरशीचा एक तुकडा टाकून घेतला होता. बाजारातून खरे गजगे आणले होते. सकाळचं ऊन होतं. आम्ही दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसलो, म्हणजे बसेपर्यंत दोघींच्या गुडघ्यांनी भरपूर तक्रार केली. टक टक, टक. तिनं एक खेप केली, दुसरी, तिसरी केली. चौथीच्या आधी फुंकर मारली. गजगा वर गेला, तिचा हात थरथरला आणि गजगा बोटांना लागून खाली पडला.

मी पटकन म्हणाले, "घे परत, घे."

तिनं माझा हात धरला. तिची बोटं थरथरत होती, पकड मात्र घट्ट होती.

"पडला म्हंजे पडला," हेमाक्का म्हणाली. मग मोठ्यानं हसली, अगदी आठ वर्षांच्या पोरीसारखी. "मी आउट झालो!"

आणि तिनं पाचही गजगे माझ्याकडं सरकवले.